पाहणाऱ्याची जागा

दिवाळीच्या अंकात काळोखाविषयी लिहू नये असा काही दंडक नाही. पण तसा एक संकेत मात्र आहे, आणि तो मला मान्य आहे. घरोघरी फराळाचे डबे उघडलेले असतात, चार माणसे पुष्कळ दिवसांनी एकत्र जमलेली असतात आणि दुपारच्या जेवणानंतर लवंडल्या लवंडल्या हाताला येईल तो अंक उघडला जातो. अशा वेळी वाचणाऱ्यापुढे दारिद्र्य, छळ आणि मरण असले विषय आणून ठेवणाऱ्या लेखकाने आधी आपले कारण सांगितले पाहिजे. माझे कारण एवढेच, की ज्या घरांत हे अंक वाचले जातात त्याच घरांत, बहुधा याच चार दिवसांत, सर्वांनी मिळून चित्रपट पाहण्याचा बेत ठरतो, आणि तो ठरताना कोणीतरी हमखास म्हणते, "रडके काही लावू नका हं!"

हे वाक्य मी पुष्कळ घरांत ऐकले आहे, आणि त्याला हसावे असे मला कधी वाटलेले नाही. दिवसभर राबलेल्या माणसाने संध्याकाळी दोन घटका हसू मागितले, तर ते त्याचे हक्काचे मागणे आहे. ज्याच्या घरात दुखणे आहे, ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याला दुःख म्हणजे काय हे कोणा दिग्दर्शकाकडून शिकायचे नसते. प्रश्न त्याचा नाहीच. प्रश्न आहे तो माझ्यासारख्यांचा. जे पोटभर जेवून, पंखा लावून, उशीला टेकून परक्याची उपासमार पाहायला आपणहून बसतात. आम्ही हे का करतो? दुसऱ्याच्या घरात मृत्यू झाला असता खिडकीतून डोकावणे आपण असभ्यपणाचे समजतो. मग तेच डोकावणे पडद्यावर केले की त्याला रसिकता कसे म्हणायचे?

या प्रश्नाची ठरीव उत्तरे तीन आहेत. पहिले ग्रीकांचे: करुण आणि भयानक पाहून मनातली साचलेली भीती आणि कणव वाहून जाते, मन हलके होते. दुसरे आपल्या रसशास्त्राचे: कलेतले दुःख माझेही नसते आणि त्याचेही नसते, ते सर्वांचे होते, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. तिसरे आधुनिकांचे: जग असेच आहे, तेव्हा ते असेच दाखवले पाहिजे. तिन्ही उत्तरांत तथ्य आहे. परंतु तिन्हींत एक माणूस विसरला जातो. ज्याचे दुःख पाहून माझे मन धुऊन निघाले, तो स्वतः होता तिथेच असतो.

या पेचाचा मला माहीत असलेला सर्वांत सखोल विचार चित्रपटाच्या जन्माआधी अकराबाराशे वर्षे एका नाटककाराने केला. विदर्भातल्या पद्मपूरचा भवभूती. त्याच्या 'उत्तररामचरित' नाटकाच्या पहिल्या अंकात लक्ष्मण राम आणि सीता यांना एक चित्रमालिका दाखवायला नेतो. चित्रकाराने त्यांचेच आयुष्य रंगवले आहे: विवाह, वनवास, शूर्पणखा, जनस्थान, सीतेचे हरण, रामाचा विलाप. शूर्पणखेचे चित्र येताच सीता दचकते आणि राम तिला समजावतो, की अगं, हे नुसते चित्र आहे. पुढची चित्रे पाहताना रामाचे डोळे भरून येतात. गरोदर सीता पाहून पाहून थकते आणि त्याच्या हातावर डोके ठेवून झोपी जाते. तेवढ्यात दुर्मुख येऊन लोकापवाद कानावर घालतो, आणि राम त्या झोपलेल्या सीतेचा त्याग करण्याचे ठरवतो.

रामाचे ते अश्रू खोटे होते असे भवभूती म्हणत नाही. ते खरेच होते. पण अश्रू आणि त्याग यांच्यामध्ये किती वेळ गेला? सीतेच्या एका डुलकीइतकाही नाही. परक्या वाल्मीकीने किंवा चित्रकाराने दाखवलेल्या दुःखावर मनापासून रडलेला माणूस त्याच दिवशी, त्याच महालात, तेच दुःख स्वतःच्या हाताने घडवतो. करुणेने मन शुद्ध होते असे म्हणणाऱ्यांनी हा अंक एकदा पुन्हा वाचावा.

आता सातवा अंक पाहा. बारा वर्षे लोटली आहेत. गंगेच्या काठी वाल्मीकींचे नाटक अप्सरा करून दाखवतात आणि राम प्रेक्षकांत बसला आहे. रंगभूमीवर टाकलेली सीता गंगेत उडी घेते. दुःख तिचेच आणि पाहणाराही तोच, पण या वेळी राम मूर्च्छित पडतो. कारण पहिल्या चित्रांत त्या दुःखाचा कर्ता रावण होता. राम स्वतःला सोसणाऱ्याच्या जागी पाहून रडत होता. या नाटकात कर्ता तो स्वतः आहे. एवढेच नव्हे, ज्यांनी सीतेवर किटाळ घेतले ते नागरिकही त्याच प्रेक्षकांत बसलेले आहेत, आणि अखेर अरुंधतीने विचारल्यावर त्यांना सीतेपुढे मान लववावी लागते.

मला जे म्हणायचे आहे ते सगळे या दोन अंकांमध्ये आहे. दुःख दाखवणारी कलाकृती आपल्याला कुठल्या जागेवर बसवते, यावर तिची किंमत ठरते. सोसणाऱ्याच्या जागी बसायला कोणालाही आवडते; ती जागा निर्दोष असते. काळोखाचे जे थोडे चित्रपट मला मोलाचे वाटतात, ते आपल्याला हळूच त्या जागेवरून उठवतात आणि करणाऱ्याच्या, नाहीतर नुसते पाहत राहिलेल्याच्या जागेवर नेऊन बसवतात.

आपल्याकडे हे फार लवकर झाले. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३७ साली 'कुंकू' काढला. नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो दिग्दर्शित केला. पोक्त वयाचा विधुर वकील काकासाहेब आणि फसवून त्याच्या गळ्यात बांधलेली तरुण नीरा. शांता आपटे यांची नीरा बंड करते म्हणून तो चित्रपट लोकांच्या लक्षात राहिला, आणि ते योग्यच आहे. पण मला त्याचे खरे धाडस काकासाहेबांत दिसते. केशवराव दाते यांनी रंगवलेला हा गृहस्थ राक्षस नाही. तो शिकलेला आहे, प्रतिष्ठित आहे, त्याची मुलगी समाजसेविका आहे. शांताराम यांनी पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य केले आणि घरातले नुसते आवाज ठेवले. त्यामुळे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक या माणसाच्या वयासारखी सतत ऐकू येत राहते. संगीत असते तर प्रेक्षकाला नीरेसाठी रडायला सोपे गेले असते. ते नाही, म्हणून काकासाहेबांना जे हळूहळू कळत जाते ते आपल्यालाही त्यांच्याबरोबर कळत जाते. आणि त्या काळी थिएटरात, आपली दुसरी किंवा तिसरी बायको शेजारी घेऊन, अनेक काकासाहेब बसले असतीलच. त्यांच्यासाठी 'कुंकू' रडका चित्रपट नव्हता. तो सातवा अंक होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या दिग्दर्शकांपुढे हाच प्रश्न फार भयंकर रूपाने उभा राहिला. छळछावण्यांत लाखो माणसे मारली गेली होती. ती दाखवायची कशी? आणि कोणत्या अधिकाराने?

१९६० साली इटलीत जिल्लो पॉन्तेकोर्वो यांनी 'कापो' नावाचा चित्रपट केला. त्यात छावणीतली एक कैदी स्त्री विजेच्या तारांवर झोकून देऊन जीव देते. त्या क्षणी कॅमेरा पुढे सरकतो आणि तिचे प्रेत, तिचा वर उचललेला हात, चौकटीत नीटनेटका बसवून घेतो. दृश्य अवघे काही सेकंदांचे. पण १९६१ च्या जूनमध्ये 'काहिए द्यु सिनेमा' या फ्रेंच मासिकात जाक रिव्हेत यांनी लिहिले, की असे करणारा दिग्दर्शक तिरस्कारालाच पात्र आहे. रिव्हेत स्वतः दिग्दर्शक होते, तेव्हा कॅमेरा सरकवणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. हा निकाल मलाही थोडा कठोर वाटतो. याच पॉन्तेकोर्वो यांनी पुढे १९६६ साली 'बॅटल ऑफ अल्जिअर्स'सारखा थोर चित्रपट दिला. परंतु आक्षेपाचे मर्म खरे आहे. एक बाई मरून पडली आहे आणि दिग्दर्शकाला चौकट सुबक करण्याचे भान उरले आहे! आणि आपण प्रेक्षक? आपल्याला त्या सुबकपणातून सांगितले जाते, की तुम्ही हळवे आहात, तुम्ही सज्जन आहात, आता निश्चिंतपणे रडा.

त्याच्या शेजारी आलँ रेने यांचा १९५६ चा 'रात्र आणि धुके' ठेवून पाहावा. अवघ्या बत्तीस मिनिटांचा माहितीपट. निवेदन लिहिणारे झाँ केरोल स्वतः माउथहाउझेनच्या छावणीतून जिवंत परतलेले. यातही कॅमेरा सरकतो, सारखाच सरकतो. तेव्हा दोष कॅमेऱ्याच्या चाकांत नाही. पण तो सरकतो ओस पडलेल्या छावणीतून. आजचे दृश्य रंगीत: गवत उगवले आहे, विटांच्या इमारती उन्हात शांत उभ्या आहेत. जुनी दृश्ये काळीपांढरी. आणि शेवटी प्रश्न येतो, की याला जबाबदार कोण? हुकमाचा ताबेदार म्हणतो मी नाही, अधिकारी म्हणतो मी नाही. मग जबाबदार कोण, हा प्रश्न मोकळा सोडून निवेदक आपल्याकडे वळतो; ज्यांना वाटते की हे एका देशात, एका काळी घडून संपले, त्या आपल्याकडे.

या चित्रपटाची एक हकिगत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. एका जुन्या छायाचित्रात फ्रान्समधल्या छावणीवर पहारा देणारा पोलीस दिसत होता, आणि त्याच्या डोक्यावरच्या टोपीवरून तो फ्रेंच असल्याचे ओळखू येत होते. फ्रेंच परीक्षण मंडळाला ते चालेना. शेवटी त्या टोपीवर एक तुळई रंगवून ती झाकावी लागली. प्रेतांची दृश्ये चित्रपटात राहिली. ती टोपी मात्र राहू शकली नाही. सोसणाऱ्यांचे हाल पाहण्याची सरकारची, समाजाची, आपली सर्वांची तयारी असते. आपल्यातला कोणीतरी करणाऱ्याच्या जागी उभा असलेला दिसला की मात्र तुळई शोधावी लागते.

हे सगळे फार मोठे, फार दूरचे आणि इतिहासातले वाटेल. म्हणून आता घरात येऊ. कारण काळोख सर्वांत दाट असतो तो घरात, आणि ते ज्यांनी दाखवले ते ऋत्विक घटक.

घटकांचा जन्म १९२५ चा, ढाक्याचा. फाळणीने त्यांचे घर परदेशात गेले आणि ती जखम त्यांच्या प्रत्येक चित्रपटात वाहत राहिली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्येही त्यांनी १९६५-६६ च्या सुमारास काही काळ शिकवले. त्यांच्या 'मेघे ढाका तारा'त, १९६० साली आलेल्या, कलकत्त्याच्या बाहेरच्या निर्वासित वस्तीतले एक कुटुंब आहे. थोरली मुलगी नीता मिळवती. महिन्याच्या सुरुवातीला तिच्या हातात पैसे पडतात आणि घरातला प्रत्येक जण काहीतरी मागतो. कोणाला साडी हवी, कोणाला खेळायचे बूट. मागण्या लहान, मागणारे प्रेमळ. चित्रपटाच्या आरंभीच नीतेच्या चपलेचा अंगठा तुटतो आणि ती तशीच पाय ओढत चालू लागते. नवी चप्पल राहूनच जाते. पुढे तिचा नियोजित वर धाकट्या बहिणीकडे वळतो, आणि आई ते होऊ देते; कारण नीता लग्न करून गेली तर चूल कशी पेटायची? नीतेला क्षय होतो. तो ती लपवते आणि बाहेरच्या खोलीत एकटी राहू लागते. तोवर घराची स्थिती सुधारलेली असते, वर मजला चढवण्याचे बेत चाललेले असतात.

या घरात खलपुरुष कोणीच नाही, हे ध्यानात घ्या. आई कजाग आहे, पण चार तोंडांच्या चिंतेने तशी झालेली. भाऊ शंकर गाण्याच्या नादात आहे, पण बहिणीवर त्याची माया आहे. बाप शाळामास्तर, कविताप्रेमी, भला माणूस. नीतेचे दुखणे उघडे पडते तेव्हा हा म्हातारा बोट उगारून म्हणतो, की मी आरोप करतो. कोणावर, असे विचारताच त्याचे बोट खाली येते. कोणावर नाही, म्हणतो. संपूर्ण चित्रपटातली मला सर्वांत भीषण वाटणारी जागा ती. त्याला आरोपी सापडत नाही असे नाही. तो सापडला आहे आणि बोटाच्या मागेच उभा आहे.

शेवटी शिलाँगच्या डोंगरातल्या आरोग्यधामात शंकर तिला भेटायला जातो. घरची खुशाली सांगतो. आणि आयुष्यभर हूं की चूं न केलेली नीता एकाएकी ओरडते, की दादा, मला जगायचे होते. तो आक्रोश डोंगरांतून फिरत राहतो आणि कॅमेराही डोंगरांवरून फिरतो. ज्यांना संयम हाच कलेचा एकमेव गुण वाटतो, त्यांना हे अतिरंजित वाटते. मला वाटत नाही. त्या घरात तिचा आवाज कधी कोणी ऐकलाच नव्हता. एवढ्या वर्षांच्या थकबाकीला एक डोंगर तरी हवाच.

याच्या नेमके उलट सत्यजित राय यांनी १९५५ साली 'पथेर पांचाली'त केले. हरिहर गावी परततो, दुर्गेसाठी आणलेली साडी सर्वजयेच्या हातात देतो, आणि दुर्गा तर गेलेली. सर्वजयेचा बांध फुटतो. पण तिची किंकाळी आपल्याला ऐकूच येत नाही. तिच्या जागी तारशहनाईचा एक उंच स्वर येतो. राय यांनी तिचे रडणे आपल्यापासून राखून ठेवले. मात्र त्याआधी त्यांनी आणखी एक गोष्ट केलेली आहे, जी रडताना आपण विसरतो. हीच सर्वजया म्हाताऱ्या इंदिर ठाकुरणीला घराबाहेर काढते, आणि ती म्हातारी बांबूच्या बनात एकटी मरते. सर्वजया दुष्ट नाही. गरिबीने तिचा हात आखडला आहे. परंतु दुर्गेवर शोक करणारी आई आणि म्हातारीला दार दाखवणारी सून एकच आहे. सोसणारा माणूस सोसतो म्हणून पवित्र होत नाही, हे सांगायला मोठे धैर्य लागते, आणि ते सांगूनही त्या बाईवरची माया तसूभर कमी होऊ न देणे याला त्याहून मोठे.

तेव्हा एकाने किंकाळी डोंगरभर पसरली, दुसऱ्याने ती झाकली, आणि दोघेही बरोबर. नियम 'कमी दाखवा' असाही नाही आणि 'सगळे दाखवा' असाही नाही. १९८० साली गोविंद निहलानी यांनी विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून आलेल्या 'आक्रोश'मध्ये तिसरीच तऱ्हा केली. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू जवळजवळ चित्रपटभर बोलतच नाही. ओम पुरी यांच्या नुसत्या डोळ्यांकडे पाहत आपण बसतो. त्याचा वकील भास्कर कुलकर्णी त्याला बोलता करण्यासाठी जीव तोडतो, आणि आपणही वकिलाबरोबर चिडतो, की अरे, बोल ना एकदाचा! इथेच आपली जागा ठरून जाते. आपण कुलकर्णी आहोत. भले, शिकलेले, मदतीला आलेले, आणि त्याने बोलून आपले काम सोपे करावे अशी अपेक्षा धरणारे. बापाच्या चितेशी आणल्यावर लहान्या जे करतो, आपल्याच बहिणीवर जी कुऱ्हाड चालवतो, आणि मग जो ओरडतो, त्यावर कुलकर्ण्यांकडे कुठलेही कलम नसते.

आणि मग २०१४ साली प्रदर्शित झालेला नागराज मंजुळे यांचा 'फँड्री'. मी शाळेत शिकवतो, म्हणून या चित्रपटाची एक जागा मला बाकीच्यांपेक्षा अधिक लागते. जब्याचे कुटुंब गावातली डुकरे पकडते. शाळेजवळ ही धावपळ चाललेली, डुक्कर अगदी हाताशी आलेले, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या उभा राहतो. त्याच्या घरचेही उभे राहतात. डुक्कर निघून जाते. राष्ट्रगीताचे ते बावन्न सेकंद आम्ही शिक्षक रोज सकाळी मुलांच्या रांगांपुढे ताठ उभे राहून घालवतो. चित्रपटातल्या त्या बावन्न सेकंदांत कोणीही नियम मोडत नाही. सगळे आदराने उभे आहेत, आणि तरी काय चालले आहे ते सर्वांना दिसते आहे. पुढे ते डुक्कर बांधून जब्या आणि त्याची बहीण ज्या भिंतीवरून जातात, तिच्यावर आंबेडकरांची, फुले पतिपत्नींची चित्रे रंगवलेली असतात. शाळेची भिंत रंगवणे सोपे असते.

पण खरी गोष्ट त्या गर्दीची आहे. डुक्कर पकडण्याचा तो खेळ पाहायला गाव जमले आहे. लोक हसतात, शेरे मारतात, मोबाइलवर चित्रे काढतात. त्यांच्यातल्या एकानेही जब्याला हात लावलेला नाही. ते फक्त पाहत आहेत. आणि आपणही. अखेर जब्या दगड उचलतो आणि भिरकावतो तो थेट आपल्या दिशेने. पडदा काळा होतो. तो दगड अडवायला आपल्या आणि त्याच्या मध्ये कोणी उरत नाही, कारण इतका वेळ आपण त्या गर्दीच्याच बाजूला बसून पाहत होतो.

इथे एक धोका सांगितला पाहिजे. आरोपीच्या पिंजऱ्यात बसण्याचीही चटक लागते. अमुक चित्रपट तुम्हाला झेपणार नाही हो, असे दुसऱ्याला सांगताना काही रसिकांच्या चेहऱ्यावर जे तेज येते, ते काशीयात्रा करून आलेल्याच्या तोंडावर असते तसे. कठीण चित्रपट सहन केल्याचा गर्व हा रडून मोकळे होण्याचाच सुशिक्षित अवतार आहे. आणि दिग्दर्शकालाही एक मोह होतो, न्यायाधीश होण्याचा. ऑस्ट्रियाचे मिखाएल हानेके यांचा १९९७ चा 'फनी गेम्स' घ्या. दोन तरुण एका कुटुंबाला घरात कोंडून छळतात, आणि त्यांतला एक मधूनच आपल्याकडे वळून बोलतो. जणू तुम्हाला हेच पाहायचे होते ना? एकदा बाजी उलटते तर तो चक्क चित्रपटच मागे फिरवतो. बुद्धी विलक्षण, अत्याचारही बहुतेक चौकटीबाहेरच ठेवलेला. पण मला राहून राहून वाटते, की सर्वांना आरोपी ठरवणारे हे गृहस्थ स्वतः कुठे बसले आहेत? घटकांच्या शाळामास्तराचे बोट खाली येते; इथे ते येत नाही.

म्हणून मला एलेम क्लिमोव्ह यांचा 'ये आणि पाहा' अधिक मोठा वाटतो. हा १९८५ चा सोव्हिएत चित्रपट. १९४३ सालच्या बेलारूसमध्ये फ्ल्योरा नावाचा एक पोरगा बंदूक मिळवून गनिमी लढवय्यांत सामील होतो आणि गावेच्या गावे माणसांसकट जाळली जाताना पाहतो. शेवटी आपल्याला सांगितले जाते, की बेलारूसमध्ये अशी ६२८ गावे जाळली गेली. कथा लिहिणारे अलेस आदामोविच पोरवयात स्वतः त्या लढ्यात होते. क्लिमोव्ह यांना लहानपणी जळत्या स्टालिनग्राडमधून बाहेर काढले होते. सूड मागण्याचा अधिकार कोणाला असेल तर या माणसांना. चित्रपटाच्या अखेरीस फ्ल्योरा चिखलात पडलेल्या हिटलरच्या तसबिरीवर गोळ्या झाडू लागतो. प्रत्येक गोळीबरोबर इतिहासाची चित्रे उलटी फिरतात: युद्ध, मोर्चे, सभा, तरुण हिटलर, आणि शेवटी आईच्या मांडीवरचे तान्हे मूल. तिथे त्याची बंदूक थांबते. दोन तास आपणही त्याच्याबरोबर चाप ओढायला उतावीळ झालेले असतो. त्या थांबण्यात क्लिमोव्ह यांनी आपल्याला करणाऱ्याची जागा दाखवली आणि तिच्यावरून उठताही येते, हेही दाखवले. २००३ पर्यंत ते जगले, पण त्यानंतर त्यांनी एकही चित्रपट केला नाही.

आता घरच्या मंडळींचा खरा प्रश्न: हे मुलांना दाखवावे काय? लहानग्यांना नाही, ज्या वजनाला खांदा तयार नाही ते लादणे हाही एक छळच आहे. क्लिमोव्ह तर पुष्कळ मोठ्यांनीही जपूनच पाहावा. पण नववी-दहावीच्या मुलांना 'फँड्री' किंवा 'मेघे ढाका तारा' जड होईल असे मला वाटत नाही. त्यांच्या वर्गात जब्या असतोच, आणि मागच्या बाकावरची एखादी मुलगी घरचे पाणी भरून, धाकट्याला आंघोळ घालून शाळेत आलेली असते. मात्र नंतर त्यांना काय विचारायचे, हे आपण ठरवावे. पाठ्यपुस्तकातल्या धड्याखाली प्रश्न असतो: तुम्हाला कोणते पात्र आवडले, आणि का? या प्रश्नाला प्रत्येक मूल सोसणाऱ्याचे नाव लिहिते आणि पाचपैकी चार गुण मिळवते. त्याऐवजी विचारावे, की त्या गर्दीत तू असतास तर कुठे उभा राहिला असतास? उत्तराला वेळ लागतो. वर्ग शांत होतो. गुण देता येत नाहीत.

अशा चित्रपटांनी जग सुधारते काय, असे कोणी विचारील. त्याचा हिशेब माझ्याकडे नाही, आणि भवभूतीकडेही नव्हता. त्याने फक्त अपवाद पसरवणाऱ्यांना प्रेक्षकांत बसवले आणि त्यांच्या माना खाली जाईपर्यंत नाटक चालू ठेवले. एवढे काम मात्र चित्रपट करू शकतो.

म्हणून या सुटीत रडके काही लावू नका असे कोणी म्हटले, तर त्या माणसाचे जरूर ऐकावे. पण ते म्हणणारे घरात कोण आहे, हेही जरा पाहावे. पुष्कळदा ती सर्वांत आधी उठलेली, अभ्यंगाचे पाणी तापवणारी आणि सर्वांत शेवटी पानावर बसलेली असते. तिला हसायचे आहे. तिला हसू द्यावे. 'मेघे ढाका तारा' तिने पाहण्याची काही गरज नाही, तो बाकीच्यांनी पाहावा. आणि दिवाळीच्या खरेदीची यादी अजून खिशात असेल तर ती एकदा काढून वाचावी. साडी आली, मुलांचे कपडे आले, जावयाचे पाकीट आले. चप्पल कोणाची राहिली?